ब्रेक दाबून धरा

काच म्हणतात सगळे, पण ते प्लास्टिकच.
चौसष्टच्या फियाटच्या मागच्या दोन्ही लाल काचा
एस्तेरबाई पाटोळेंनी पदरात घालून आणल्या,
बाजारातून अंडी आणावीत तशा.
"नव्या मिळत नाहीत.
द्वारकेपासून मालेगावापर्यंत विचारून झालं.
तुझे वडील पॉलिशवाले ना?"

वडील तांबट.
आमच्या आळीत अजून काही घरांत ठोके पडतात.
त्या ठोक्यांनी त्यांचे कान नेले,
हात मात्र ठेवले.
मी पाटीवर लिहून दाखवलं : प्लास्टिक.
तांब्याला चिंच असते, पितळेला राख,
"याला काय, टूथपेस्ट?"
थट्टेनं म्हणाले. पहिल्या दिवशी खरंच तीच वापरली.
नुसता वास आला.

मग आठशेचा कागद, पाण्यात भिजवलेला.
मग बाराशे, मांजराच्या जिभेसारखा.
मग दोन हजार, जो कागद वाटतच नाही,
नव्या वहीचं कव्हर वाटतो.
आधी आडवा, मग उभा, जोर न लावता.
जोर लावला की प्लास्टिक तापतं,
तापलं की रुसतं, पांढरं पडतं,
मग बसा मनधरणी करत.
थिनर तर त्याला दाखवायचाही नाही.

परातीतलं पाणी गुलाबी होत गेलं.
शेजारची पोरं म्हणाली, काका, सरबत का?
साठ वर्षांचं ऊन ते,
नाशिकरोडच्या क्वार्टरांपुढे उभं राहून खाल्लेलं.
उजवी काच जास्त विटली होती.
डावीवर प्रेसच्या भिंतीची सावली असायची,
असं बाईंनीच सांगितलं होतं.

खाचांमध्ये काळं होतं.
आधी वाटलं काजळी, मग वाटलं डांबर.
आगकाडीच्या टोकानं उकरलं
तर पापुद्रा सुटला. रंग.
फोन केला : बाई, कुणी रंगवल्या होत्या का काचा?

त्या जरा गप्प.
मग म्हणाल्या, मीच.
एकाहत्तरचा डिसेंबर, ब्लॅकआउट.
पुढच्या दिव्यांना अर्धा काळा रंग,
मागच्यांना बोटाएवढी फट.
देवळाली कॅम्पात, हॉस्पिटलात रात्रपाळी,
आणि रस्त्याला झाडं इतकी
की चंद्रानंसुद्धा परवाना काढून यावं.
"काही दिसायचं नाही रे.
मी खिडकीची काच खाली करून वासावर जायची.
आधी बेकरी, मग घोड्यांचे तबेले, मग डेटॉल.
डेटॉल आलं की ब्रेक."

मी म्हटलं, थोडा राहू देतो मग. आठवण.

"आठवण कसली डोंबलाची!
काढ सगळा. मागून ट्रकवाला ठोकेल,
त्याला काय एकाहत्तर साल सांगत बसू?"

काढला.
एकेक खाच. अख्खी काडेपेटी संपली.
थोडा माझ्या नखात राहिला,
रविवारच्या भाकरीपर्यंत.
शेवटी जुन्या बनियनचा तुकडा
आणि वडिलांची पितळेची पेस्ट, चिमूटभर.
त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला,
एका जागी थांबले.
तिथं ओरखडा होता. मला दिसत नव्हता.
पुन्हा दोन हजार.

शनिवारी संध्याकाळी गाडी आळीच्या तोंडाशी,
त्याच्या आत ती वळत नाही.
स्क्रू मोजून चार, वडिलांनी तेही पुसले,
कुणी सांगितलं नव्हतं.
बाई स्टिअरिंगवर, ऐंशीच्या,
उशी घेऊन बसलेल्या.
मी मागे.
दाबा, म्हटलं, दाबून धरा.

समोरच्या दुकानात उलट्या टांगलेल्या घागरी
एकदम लाल झाल्या,
एकेका घागरीत एकेक फियाट.
आत कुणाचा तरी ठोका चुकला.

"लागला?"
लागला.
"डावा?"
डावाही.
"नीट बघ," त्या म्हणाल्या,
आणि पाय काही उचलेनात.